एवढं आलोच आहोत तर…

नाशिककराच्या गाडीला पश्चिमेची सवय असते. आषाढ लागला की ती आपोआप त्र्यंबक रस्त्याला वळते. पहिने, भावली, वैतरणा, विहीगाव, डोंगरावरून जिथं म्हणून पाणी खाली पडत असेल तिथं जाऊन त्याच्याखाली उभं राहायचं, ओल्या कपड्यांनी कणीस खायचं, परतताना गाड्यांच्या रांगेत निम्मा दिवस काढायचा आणि घरी येऊन शिंकत म्हणायचं, "काय निसर्ग आहे!" हिवाळ्यात धबधबे आटले की हीच गाडी गंगापूर धरणाच्या बाजूला द्राक्षमळ्यांत जाते. पूर्वेला ती निघते ती तीनच कारणांनी: लग्न, मयत आणि शिर्डी.

जिल्हा एकच. कलेक्टर एक, पालकमंत्री असलाच तर तोही एक. पण इगतपुरीला वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या पुढे पाऊस कोसळतो, आणि तेच ढग येवला-नांदगावला पोचेपर्यंत इतके हात झटकून मोकळे झालेले असतात, की ५०० चा आकडा गाठला तरी लोक देवाला नारळ फोडतात. ही पूर्वेची जमीन आम्ही बघतो ती रेल्वेतून. मनमाड आलं की खिडकीबाहेर उघडे माळ, कोरडे ओढे, चुकार बाभळी आणि हडबीच्या शेंडीसारखा एखादा सुळका दिसायला लागतो, आणि डब्यातलं कुणीतरी जांभई देत म्हणतं, "पडदा ओढ रे, काही नाही बाहेर."

हेच "काही नाही" अमेरिकेतून आलं तेव्हा मात्र आमच्या घराण्यात खळबळ उडाली.

माझा भाचा शिकागोला असतो. त्यानं साउथ डाकोटातल्या बॅडलँड्स नॅशनल पार्कचे फोटो कुटुंबाच्या ग्रुपवर टाकले. फोटोत झाड औषधाला नव्हतं. पिवळसर, करड्या, गुलाबी मातीच्या टेकड्या, त्यांना वरून खालपर्यंत पडलेल्या घळी, आणि पुढ्यात गॉगल लावलेला भाचा. ग्रुपवर दिवसभर टाळ्या वाजत होत्या. "डोळ्यांचं पारणं फिटलं!" "देवाची करणी!" वहिनींनी तर पहिला फोटो स्टेटसला ठेवला. भाच्यानं माहितीही पुरवली: सरकारनं हा भाग १९३९ साली राखून ठेवला, १९७८ मध्ये त्याचं राष्ट्रीय उद्यान केलं, जवळजवळ हजार चौरस किलोमीटरचा पसारा, रानगवे, मोठ्या शिंगांच्या मेंढ्या, बिळातून डोकावणारे प्रेअरी डॉग, आणि मातीच्या थरांत कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या गेंड्यासारख्या जनावरांची हाडं. आत जायला गाडीमागे ३० डॉलर. या शेवटच्या वाक्यावर आमचे काका जागे झाले. काका प्रेसमधून निवृत्त झालेत. आयुष्यभर नोटा छापल्यामुळे असेल, पण एक नोट खर्चायची म्हणजे त्यांना घरचं माणूस परगावी पाठवल्यासारखं होतं. त्यांनी गुणाकार करून लिहिलं, "अडीच हजारांच्या वर. माती बघायला."

"काका, त्या टेकड्या दरवर्षी इंचभर झिजतात," भाच्यानं समजावलं. "पाच लाख वर्षांत संपून जाणार."

"मग या दिवाळीला नाही जमलं तरी चालेल," काका म्हणाले.

मला त्यातली सर्वांत आवडलेली गोष्ट टेकड्यांची नव्हती, औषधाच्या दुकानाची होती. पार्कच्या वाटेवर वॉल नावाचं एवढंसं गाव आहे. तिथं १९३१ साली एका माणसानं औषधाचं दुकान घेतलं. गिऱ्हाईक नाही. गाड्या समोरून धुरळा उडवत निघून जायच्या. शेवटी त्याच्या बायकोला सुचलं, की उजाड रानातून आलेल्या माणसाला औषध नको असतं, पाणी हवं असतं. त्यांनी हमरस्त्यावर पाट्या लावल्या: बर्फाचं पाणी फुकट. लोक पाण्यासाठी थांबले आणि आइस्क्रीम घेऊन निघाले. आज तिथं बाजारपेठ म्हणावी एवढं मोठं दुकान आहे. ही कथा मनमाडच्या माणसाला सांगून बघा. जिथं नळाला पंधरा-पंधरा दिवस पाणी येत नसे, त्या गावचा माणूस म्हणेल, आमच्याकडे याला पाणपोई म्हणतात, आणि पाणपोई घालून कुणाची माडी उठल्याचं ऐकिवात नाही.

तर फोटोंवरच्या त्या टाळ्या बघून माझ्यातला जिल्हाभिमान उसळला. मी ग्रुपवर लिहिलं, "असलं उजाड आपल्याकडेही आहे की! आपण सगळे मिळून जाऊ या." त्यावर ग्रुपवर जी शांतता पसरली ती थेट दुसऱ्या दिवशी वहिनींच्या 'शुभ सकाळ'नं मोडली.

पण मी पेटलो होतो. महाराष्ट्रात राष्ट्रीय उद्यानं सहा. ताडोबा सर्वांत जुनं, १९५५ चं. मग पेंच, नवेगाव, मेळघाटातलं गुगामल, बोरिवलीचं संजय गांधी आणि चांदोली. सहाच्या सहा झाडीतली. म्हणजे सरकारचं आणि आमच्या वहिनींचं मत एकच: हिरवं दिसलं तर निसर्ग, नाहीतर पडीक. नाशिक जिल्ह्याच्या वाट्याला या सहांपैकी एकही आलेलं नाही. त्याचं कुणाला दुःखही नाही, कारण आमच्याकडे बिबट्या बघायला जावं लागत नाही. तो निफाडच्या उसातून निघून अधूनमधून स्वतःच शहरात येतो, एखाद्या बंगल्याच्या आवारात शिरतो आणि टीव्हीवर दिसतो.

भाच्याच्या फोटोंसारख्या अस्सल घळी हव्या असतील तर आपल्याला फार लांब जायला नको. संगमनेरच्या आसपास प्रवरेच्या काठी तशी जमीन आहे. आपला काळा कातळ असा सहजी फाटत नाही. पण नदीनं युगानुयुगं आणून टाकलेल्या गाळाचे तिथं जाड थर आहेत. नदी स्वतःचं पात्र खोल खणत गेली, तसं पावसाचं पाणी काठावरून तिच्याकडे धावताना त्या गाळात ओघळी पाडत गेलं, ओघळींच्या घळी झाल्या. भूगोलाचे प्राध्यापक तिथं विद्यार्थ्यांना घेऊन जातात, त्यावर शोधनिबंध लिहितात. मी उत्साहानं तिकडच्या एका ओळखीच्या गृहस्थांना फोन लावला.

"घळी ना? या की," ते म्हणाले. "पण लवकर या. आमच्याकडची निम्मी सपाट झाली. डाळिंब लावलंय."

ज्या कामाला अमेरिकेत पावसाला पाच लाख वर्षं लागणार आहेत, ते आमच्याकडे जेसीबी एका उन्हाळ्यात उरकतो. शेतकऱ्याचं तरी काय चुकलं? घळीत पीक येत नाही आणि घळ बघायला ३० डॉलर देणारा माणूस बांधावर उभा नाही. एका दृष्टीनं पाहिलं तर महाराष्ट्राची ही बॅडलँड्स आपण डाळिंबाच्या दाण्यादाण्यानं खाऊन टाकतोय.

काकांचं मत पडलं की घळी बघायच्याच तर चंबळच्या. तिथं निदान डाकू होते. मी म्हटलं, काका, १९७२ सालीच जयप्रकाशजींपुढे त्यांनी टोळ्यांच्या टोळ्यांनी शस्त्रं ठेवली. आता तिथं घडियाल मगरी आणि नदीतले डॉल्फिन बघायला जातात. "मगरीला घाबरून काय मजा?" काका म्हणाले आणि चंबळ बाद झालं.

मग उरलं ममदापूर.

येवल्याच्या पुढे, नांदगावच्या अंगाला, राजापूर, ममदापूर, खरवंडी, देवदरी अशी गावं आहेत. त्यांच्यामधला सुमारे ५४ चौरस किलोमीटरचा माळ हे काळविटांसाठी राखलेलं संवर्धन क्षेत्र आहे. राष्ट्रीय नाही, उद्यान तर नाहीच. घळी भाच्याच्या फोटोतल्याइतक्या नटलेल्या नाहीत. पण उघड्या टेकाडांवर गुडघाभर गवत, मधे उघडा पडलेला कातळ, कोरडे ओघळ, आणि त्या सगळ्यात उभा काळवीट! नर वरून काळाभोर, पोटाखाली पांढरा, डोळ्यांभोवती पांढरी वर्तुळं, आणि शिंगं पीळ देऊन वर गेलेली. माद्यांपुढून जाताना तो मान ताठ मागे टाकतो, नाक आभाळाकडे करतो आणि अशा काही पावलांनी चालतो, की लग्नाच्या वरातीत घोड्यावर बसायला मिळालेल्या मुलालाही तेवढी ऐट जमू नये. धावायला लागला तर ताशी ऐंशी किलोमीटर. नाशिक-येवला रस्त्यावर आम्हाला तो वेग कधी मिळालेला नाही.

यातली गोम अशी, की या जनावराला झाडी नकोच असते. डोळे आणि पाय हीच त्याची ढाल. लांबवरचं दिसलं पाहिजे आणि पळायला मोकळं रान पाहिजे. दाट जंगलात नेऊन सोडला तर बिचारा आंधळ्यासारखा उभा राहील. मी हे सगळं ग्रुपवर सविस्तर लिहिलं. त्यावर वहिनींचा प्रतिसाद आला, "अगदीच ओसाड आहे तर! जाताना पन्नास रोपं नेऊ, लावून येऊ. मुलांवरही संस्कार होतील." मोकळा माळ दिसला की आपल्याला झाडं लावायची खाज सुटते, हा आमच्या पिढीचा आजारच आहे. पाच जूनला खड्डा, सहा जूनला पेपरात फोटो, आणि पुढच्या पाच जूनला तोच खड्डा. गवत म्हणजे वाढायचं राहून गेलेलं जंगल अशी आपली समजूत. तिच्यापायी काळवीट, लांडगा, माळढोक या मंडळींचं घर आपण वृक्षारोपणात किती घालवलं, याचा हिशेब काकांनीसुद्धा मांडलेला नाही.

खरा विरोध आला तो मावशीकडून. मावशीचं माहेर नांदगावकडचं. तिला टाइप करता येत नाही, म्हणून तिनं आवाज पाठवला.

"अरे बाबा, ते उजाड सोडायला मिळालं म्हणून मी नाशिकचं स्थळ बघितल्या बघितल्या हो म्हटलं. बहात्तर साली माझी आई तिथंच खडी फोडायला जात होती. आम्हाला सुकडी मिळायची आणि रेशनवर ती मिलो ज्वारी. लाल लाल भाकरी, घशाखाली उतरायची नाही. आता तुम्ही डबे भरून ते बघायला निघालात? मला नका नेऊ. आणि नेणार असाल तर पुढच्या सीटवर बसवा."

इथं माझा जिल्हाभिमान जरा गप्प झाला. रुक्ष जमिनीचं सौंदर्य दिसायला दोन गोष्टी लागतात: पाण्याची बाटली आणि परतीची गाडी. मावशीकडे त्या वेळी दोन्ही नव्हत्या. तरी पुढच्या सीटची अट घातली म्हणजे ती येणार, एवढं आम्हाला कळलं, आणि बेत खऱ्या अर्थानं सुरू झाला.

मराठी माणसाचा बेत कधी विरोधानं मोडत नाही, तो पाठिंब्यानं मोडतो. "जाऊ या" असं एकदा सगळ्यांनी म्हटलं की पुढचं वाक्य ठरलेलं असतं: "एवढं आलोच आहोत तर…" निफाडवरूनच जायचंय ना, मग नांदूरमध्यमेश्वर करून टाकू; गोदावरी आणि कादवेच्या संगमावरचं पाखरांचं अभयारण्य, रामसर यादीत गेलेलं महाराष्ट्रातलं पहिलं पाणथळ. तिथं जायचंच तर पहाटे, म्हणून निघायचं चारला. पुढे विंचूर. विंचूरपासून लासलगाव हाकेवर, तर बाजार समितीतून एक गोणी कांदा. "घाऊक भावात पडतो," काका. मग येवला. येवला म्हटल्यावर आमच्या सौभाग्यवतींनी आतापर्यंतचं मौन सोडलं. काळवीट, घळी, रानगवे, कशाकशावर तिनं चकार शब्द काढला नव्हता. आता तिनं एकच शब्द लिहिला: "पैठणी." पाठोपाठ घरातल्या तमाम स्त्रीवर्गाचे अंगठे वर आले.

पैठणी म्हणजे पदर बघा, काठ बघा, विणकराच्या घरी जाऊन मागावर बसलेला माणूस मोराच्या पिसाऱ्यात एकेक रंगाचा धागा कसा हातानं घालतो ते बघा. तीन तास कुठंच गेले नाहीत. येवल्यात आलो तर तात्या टोपेंचं जन्मगाव म्हणून तेही बघू. १९३५ साली बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा जिथं केली ती मुक्तिभूमी तर बघायलाच हवी. कोटमगावच्या देवीला हात जोडल्याशिवाय पुढं कसं जायचं? आणि येवल्याहून शिर्डी तीसेक किलोमीटर. हे वाक्य कुणी लिहिलं ते मला आठवत नाही. बहुधा कुणीच लिहिलं नाही, ते आपोआप उमटलं. नाशिकहून पूर्वेला निघालेली गाडी शिर्डीला न जाता परत आली, असं आजवर कुणी पाहिलेलं नाही.

सगळ्या मागण्या बसवून मी वेळापत्रक केलं. त्यात काळविटांच्या वाट्याला सायंकाळी ५.४० ते ६.०५ एवढा वेळ आला, तोही शेजारती चुकणार नसेल तर.

मी वनखात्यात फोन केला. पलीकडचा माणूस फार सभ्य होता. त्यानं सांगितलं, सूर्य उगवताना या नाहीतर ऊन कलल्यावर या. भडक कपडे नकोत. गाडी रस्त्यावर ठेवा, कळपामागे पळवू नका. उन्हाळ्यात आलात तर पाणवठ्यावर दिसतील. आम्ही टँकरनं भरतो, तरी तहानेपायी एखादं विहिरीत पडतंच, मग दोऱ्या टाकून काढावं लागतं. पावसाळा सरल्यावर आलात तर गवत छान असेल. आणि मुख्य म्हणजे मोठ्यानं बोलू नका.

ही शेवटची अट मी ग्रुपवर जशीच्या तशी टाकली. प्रत्येकाला ती दुसऱ्याबद्दल आहे असं वाटलं.

प्रश्नही आले. दिसायची गॅरंटी किती? चहा कुठं? 'सोय' आहे का? (हा प्रश्न तिघींनी स्वतंत्रपणे, खासगीत विचारला.) पॉइंट कुठला? हे मला आधी कळेना. मग उमगलं, की सनसेट पॉइंट, सुसाइड पॉइंट, मंकी पॉइंट असं काही नसेल तर गाडीतून उतरून नेमकं उभं कुठं राहायचं हा पेच आहे. माथेरान-महाबळेश्वरनं आपल्याला बोट दाखवल्याशिवाय न बघण्याची सवय लावली. माळाला असं बोट नसतं. तो चारी बाजूंना सारखाच असतो. बघायला सुरुवात कुठून करायची ते आपलं आपण ठरवायचं. इतकी जबाबदारी सुटीच्या दिवशी कोण घेणार?

शेवटी गाडी ठरवायला एका ड्रायव्हरला फोन केला. सतरा जणांची टेम्पो ट्रॅव्हलर, किलोमीटरचा भाव, भत्ता, सगळं बोलून झालं.

"जायचं कुठं, साहेब?"

"आधी नांदूरमध्यमेश्वर, मग येवला, मग ममदापूर, मग शिर्डी."

"ममदापूरला कोण वारलं?"

"कुणी नाही. काळवीट बघायला जायचंय."

पलीकडे बराच वेळ नुसता रस्त्याचा आवाज येत राहिला.

"हरणं होय? अहो, मी राजापूरचाच. आमच्या वावरात रोज पहाटे येतात. हरभरा उगवून वर आला की शेंडा ठेवत नाहीत. मक्याचंही तेच. हात लावायचा नाही, कायदा आहे. पंचनामा करा, भरपाई घ्या म्हणतात. म्हातारा रात्रभर बांधावर डबा वाजवत बसतो."

"मग आम्ही येऊ त्या दिवशी दिसतील ना?" मी स्वार्थी आशेनं विचारलं.

"त्या दिवशी नाही वाजवणार डबा," तो उदारपणे म्हणाला. मग त्याला आणखी सुचलं. "त्यापेक्षा असं करा साहेब, आदल्या रात्री मुक्कामालाच या. बाजरीची भाकरी, ठेचा, बांधावर खाटा टाकून देतो. पहाटे उठलात की समोर कळप. तेवढीच म्हाताऱ्याला एक रात्र झोप. नाहीतरी राखणीला माणूस पाहिजेच."

मी हा प्रस्ताव ग्रुपवर टाकला. शिकागोहून भाच्याचा प्रतिसाद तत्काळ आला: "फार्म स्टे! एका रात्रीचे किती घेतात?"

त्याच्याखाली काकांचा: "घेतात ते राहू दे. राखणीचे आपल्याला किती देणार, ते आधी विचार."